मामांची मसलत

विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या अंगाला बोटही न लावणारा मालिशवाला साऱ्या परभणी जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझा सासरा निघाला. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्याबाई, म्हणून मीही इथं त्यांना मामाच म्हणणार. पूर्णेला स्टेशनच्या मागं आमचं घर, घरापुढं कडुलिंब, लिंबाखाली एक बाज आणि बाजेवर काळी घोंगडी, एवढाच मामांचा सारा दवाखाना. इंजनावर कोळसा टाकणारे, डब्यांना साखळ्या लावणारे, पोती वाहणारे हमाल, आसपासच्या गावांतले शेतकरी, कुणाची पाठ धरलेली, कुणाचा पाय मुरगळलेला, कुणाची मान वाकडी, असे सगळे तिथं यायचे. यायचे ते थेट बाजेवर पालथे पडायचे, कारण मालिशवाल्याकडं गेलं की पालथं पडायचं आणि तो देईल ते दात आवळून सोसायचं, एवढीच रीत लोकांना ठाऊक. मामा त्यांना उठवून बसवायचे. "आधी बसा. पानी प्या. आपली मसलत हू द्या," असं म्हणून स्वतः समोर उकिडवे बसायचे आणि मग जे प्रश्न सुरू व्हायचे, त्या प्रश्नांनीच निम्म्या माणसांचं दुखणं पळायचं आणि उरलेली निम्मी माणसं स्वतः पळायची.

प्रश्न तरी कसले? कुठं दुखायलंय, हे कुणीही विचारील. मामा विचारायचे, सकाळी जास्त दुखतं का दिवस मावळताना? करडईचं तेल लावू का तिळाचं? गार का कोमट? जोर कसा पाहिजे, भाकरीचं पीठ मळल्यावानी का वासराच्या पाठीवरनं हात फिरवल्यावानी? मधी थांबावं वाटलं तर काय करशील, हात वर करशील का 'बस' म्हनशील? आणि दर प्रश्नाच्या शेवटी "कबूल?" हा एक शब्द. समोरचा "कबूल" म्हणाला की पुढचा प्रश्न. एकदा एक दांडगा हमाल आला, कंबर धरून वाकलेला. मामांनी अर्धी मसलत उरकली असेल नसेल, तोच तो गडी उठला, कंबर सरळ केली आणि ओरडला, "अहो, लगीन ठरवायलाव का कंबर चोळायलाव?" आणि तरातरा चालता झाला. सगळे हसले. मामा मात्र त्याच्या पाठमोऱ्या चालीकडं कौतुकानं बघत म्हणाले, "बगा, कंबर मोकळी झाली का न्हाई?"

ह्या विचारण्याच्या वेडाची मुळं फार मागं, मेंढरांत होती. आमचं घर मूळचं मेंढरं राखणारं. मामा तरणे असताना त्यांच्या कळपात एक लाडका एडका होता. तो लंगडायला लागला. मामांनी तेल आणलं आणि एडक्याचा पुढचा एक पाय मोठ्या मायेनं रोज चोळायला घेतला. एडका उभा राहून मामांच्या तोंडाकडं बघायचा आणि दुसऱ्या दिवशी आणखी लंगडायचा. मामा आणखी तेल घालायचे. आत्याबाई तेव्हा नव्या नवरी होत्या, त्यांना हे बघवेना. एके दिवशी त्या उठल्या, एडक्याला आडवा पाडला, त्याचा दुसराच पाय धरला आणि खुरात रुतलेला बाभळीचा काटा उपटून मामांच्या हातावर ठेवला. मामा इतके दिवस चांगला पाय चोळत बसले होते! त्या एका काट्यानं आमच्या घरात दोन पंथ निर्माण केले. मामा म्हणाले, "मुकं जनावर, त्याला सांगता येत न्हवतं. मानसाला देवानं तोंड दिलंय ते काय नुसतं भाकर खायाला? त्याला इचारायलाच पायजे." आत्याबाई म्हणाल्या, "चोळत बसला म्हनून काटा ऱ्हायला. बगावं आन् उपटावं." पुढं मेंढरं गेली, रेल्वेच्या गावात बिऱ्हाड आलं, पण हे दोन पंथ काही एक झाले नाहीत.

आत्याबाईंनी जन्मात कुणाला काही विचारलं नाही. जेवायला बसलेल्याच्या ताटात त्या वाढायच्या, हवं का नको हा प्रश्न त्यांच्या डोक्यात यायचाच नाही. माझ्या डोक्याला तेल लावायचं त्यांच्या मनात आलं की मी पाण्याची घागर घेऊन चालले असले तरी माझी वेणी मागून ओढली जायची. आणि मामा? मामा शेळीची धार काढायच्या आधी शेळीपुढं दोन घटका उभे राहायचे. "काय बाई, काढू का?" शेळी 'बें' म्हणायची. ते 'हो' होतं का 'नको' ह्यावर नवराबायकोचं सकाळी सकाळी भांडण व्हायचं, आणि ते होईपर्यंत शेळीनं पाय झाडून चरवी लवंडलेली असायची.

पण मला ह्या माणसाचं वेड पहिल्यांदा कळलं ते माझ्या माहेरी, सोनपेठला. मला बघायला आले होते. ओसरीवर पुरुषमाणसं बसलेली, आत बायका दाराआडून बघणाऱ्या, मी खाली मान घालून बसलेली. नाव विचारून झालं, स्वैपाक येतो का विचारून झालं. मोठ्या माणसांनी पसंती दिली, माझ्या वडिलांनी सुपारी फोडायला अडकित्ता उचलला, तेवढ्यात मामा म्हणाले, "थांबा. पोरीला कुटं इचारलंय? पोरी, तुला यायचंय का आमच्या घरी?" अडकित्ता तसाच राहिला. अशी गोष्ट आमच्या सात पिढ्यांत कुणी कुणाला विचारली नव्हती. माझे काका म्हणाले, "तिला काय कळतंय, पुढं चला." मामा म्हणाले, "आमाला घाई न्हाई." आणि ते बसून राहिले. चुरमुऱ्यांचा सुशीला थंड झाला, चहा थंड झाला, दाराआडच्या बायका पाय दुखून खाली बसल्या. घोंगडीवर बसावं तसा हा माणूस निवांत बसलेला, माझ्याकडं बघतही नाही, की मला लाजल्यासारखं व्हायला नको. शेवटी मी "हो" म्हणाले. खरं सांगते, ज्या मुलाशी माझं लग्न ठरत होतं त्याच्याकडं मी तोवर धड बघितलंही नव्हतं. मी 'हो' म्हणाले ते त्या विचारणाऱ्या माणसाला.

निजामी गेली, पहिली निवडणूक आली, आणि मामांच्या वेडाला राज्यमान्यता मिळाली. मतदान करून दोघं घरी आले. आत्याबाई म्हणाल्या, "येवढं रांगेत उभं केलं आन् एक चिठ्ठी पेटीत टाकायला लावली. मी वाढप्यासारखी भराभर टाकून आले." मामा मात्र बाजेवर बसले ते बराच वेळ उठेचनात. त्यांचे डोळे चमकत होते. "सरकारनं मला इचारलं," ते म्हणाले, "मेंढरं राखणाऱ्याला इचारलं, बाबा तुजं मत काय." दुसऱ्या दिवसापासून लिंबाखाली नवा कायदा लागू झाला. मालिशीत एक मत दुखणाऱ्याचं, एक मत मामांचं. दोन मतं जुळली की तेल लावायचं. जुळली नाहीत तर तिसरं मत दुखणाऱ्या अवयवाचं. मामा नुसता तळवा ठेवायचे आणि वाट बघायचे. गुडघा आखडला तर गुडघ्यानं 'न्हाई' म्हटलं, सैल सुटला तर 'हो' म्हटलं. आत्याबाईंनी दारातून विचारलं, म्हणजे विचारलं नाही, ठणकावलं, "आन् माझं मत?" मामा म्हणाले, "तुजं मत घरात हाय. घरात दुसऱ्या कुनाचं न्हाईच. पर मालिशीत न्हाई."

एकदा जवळच्या गावचे एक जमीनदार छकड्यातून आले. सोबत गडी. जमीनदार बाजेवर टेकले आणि आभाळाकडं बघू लागले. गडी म्हणाला, "मालकाची पाठ धरलीय. चोळा." मामांनी विचारलं, "पाठ कुनाची?" गडी म्हणाला, "मालकाची." "मग मालकच बोलतील." मालक बोलेनात. त्यांना असल्या माणसाशी तोंड उघडायची सवयच नव्हती. ते गड्याकडं बघायचे, गडी मामांकडं बघायचा, मामा मालकांकडं बघायचे. माझं धुणं झालं, वाळत घालून झालं, तरी तिघं तसेच. शेवटी मालकांनी गड्याला छकड्याकडं पिटाळलं, आजूबाजूला बघितलं आणि मामांच्या कानाला लागून काहीतरी पुटपुटले. पाठ नव्हतीच. माकडहाड होतं. गादीवर बसून बसून दुखायला लागलेलं, आणि गड्यासमोर सांगायची लाज. मामांनी गंभीरपणे मान हलवली, दुखणं समजून घेतलं, तेलाची मसलत केली आणि जोर ठरवला. जाताना मालकांनी मामांना हात जोडून रामराम केला. गडी छकड्याजवळ उभा होता, त्यानं बैलाची वेसण सोडून तोंडाला हात लावला.

इतकी अवघड माणसं मामांनी बोलती केली, पण त्यांना खरा घोर लावला तो किसननं. किसन हा पिंगळीचा. घरी थोडी कोरडवाहू जमीन, पण पोराला लहानपणापासून इंजनाचं वेड. शेत राखायच्या नावाखाली स्टेशनवर जाऊन बसायचा. इंजनावर चढणारा पिंगळीचा पहिला गडी हाच. फायरमन झाला तेव्हा त्याच्या बायकोनं गावभर साखर वाटली होती म्हणे. माझे यजमान इंजनांच्या शेडातच कामाला, म्हणून आम्हाला सगळं ठाऊक. एके दिवशी कोळसा टाकताना फावडं अडकून हिसका बसला आणि किसनचा उजवा हात खांद्यापासून धरला. हात छातीच्या वर जाईना. शेडातल्या फोरमन साहेबांनी सांगून टाकलं, पोळा झाला की मालगाडीवर परभणीपर्यंत तुला कोळसा टाकून दाखवावा लागेल. जमलं तर इंजनावर, नाही जमलं तर घरी. यजमान त्याला संध्याकाळी आमच्याकडं घेऊन आले. चांगला धिप्पाड गडी, पण उंबऱ्याशी असा उभा, जणू उंबरा त्याला रागवेल.

किसनचा रोग खांद्यात नव्हता, जिभेत होता. ह्या माणसाला 'नको' म्हणता येत नव्हतं. लहानपणापासून सगळ्यांना 'जी' म्हणायची सवय, चुलत्याला जी, पाटलाला जी, साहेबाला जी. खांदा धरल्यावर जो भेटेल त्यानं उपाय सांगितला आणि किसननं करू दिला. तालमीतल्या पैलवानानं हात ओढून बघितला, जी. कुणी बिब्ब्याचा चटका दिला, जी. एक लांबचा मेव्हणा त्याच्या पाठीवर उभा राहून नाचला, तरी जी. दर उपायानं खांदा आणखी बिघडला आणि किसन प्रत्येकाला सांगत राहिला की लय बरं वाटायलंय.

मामांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि मसलत सुरू केली. "करडईचं तेल लावू का तिळाचं?"

"तुमी म्हनाल ते जी."

"हळू चोळू का जोरानं?"

"तुमच्या मनाला यील तसं जी."

मामांची नजर बारीक झाली. "इंजनातलं वंगण लावू?"

"लावा जी."

"राकेल लावू?"

"लावा की."

"वरनं काडी वढू?"

किसननं एकदा आपल्या खांद्याकडं बघितलं. तो हळूच म्हणाला, "तुमच्या हातानं गुन येत आसंल तर वढा जी."

मामांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली. त्याच्या खांद्यावर नुसता तळवा टेकवला तर खांदा चटका बसल्यासारखा मागं सरला, आणि त्याच क्षणी किसन तोंडानं म्हणाला, "लय बरं वाटायलंय जी." मामा हात काढून घेत म्हणाले, "तोंड हो म्हनायलंय, खांदा न्हाई म्हनायलाय. ह्या दोघांचं भांडान मिटल्याबिगर मी मधी पडनार न्हाई. जवर तू मला एकदा 'नको' म्हनत न्हाईस, तवर मालिश न्हाई."

झालं! पोळा तोंडावर आलेला, गड्याचं इंजन जायची वेळ, आणि हे गृहस्थ त्याला बोलायला शिकवत बसले. मामांनी नाना युक्त्या केल्या. भर दुपारच्या उन्हात बाज ओढून विचारलं, "इथं बसू?" "बसू जी." दुसऱ्याच दिवशी आत्याबाईंना सांगितलं, "ह्याला जेवायला वाढ. 'नको' म्हनत न्हाई तवर थांबू नको." आत्याबाईंच्या आयुष्यात असा आनंदाचा दिवस आला नव्हता. भाकरीवर भाकर, अंबाडीची भाजी, पिठलं, वर ठेचा, वर तेल, त्या वाढत होत्या आणि किसन डाव्या हातानं जेवत होता. त्याच्या कपाळावर घाम आला, डोळे बाहेर आले, घास तोंडाशी जायला डोंगर चढावा तसा वेळ लागायला लागला, तरी ताटावर हात आडवा काही येईना. लाडू आला तेव्हा तो रडत होता, पण लाडू खाल्ला. शेवटी मामांनीच ताट उचललं. किसनला दोघांनी धरून लिंबाखाली निजवलं, तो दिवस मावळेपर्यंत हलला नाही. आत्याबाई ताटाकडं बघत म्हणाल्या, "असा जावई मिळायला भाग्य लागतं."

मला मात्र राग यायला लागला होता. किसनची बायको पिंगळीहून येऊन आमच्या दारात बसायची. नुसती नवऱ्याच्या हाताकडं बघायची. फळीवरची परात तिला काढून द्यायलाही तो हात वर जात नव्हता. एके दिवशी मी मामांना म्हणालेच, "मामा, चोळा की आता एकदाचा! त्याची नोकरी जाईल आणि तुम्ही बसाल नको-नको करत." मामा रागावले नाहीत. म्हणाले, "चोळला असता पोरी. पर मला कसं कळावं कुटं थांबायचं? त्यो सांगनार न्हाई, मी दाबत जाईन, आन् उरलासुरला खांदा माझ्याच हातानं मोडंल. त्याच्या इंजनाचा घोर मलाबी हाय." मग म्हणाले, "सोनपेठला तू किती येळ लावला हुतास? मी थांबलो का न्हाई?" मी पदर तोंडाला लावून आत गेले.

पोळ्याला थोडेच दिवस उरले तेव्हाची गोष्ट. मामा विहिरीवर अंघोळीला गेले होते. किसन बाजेवर खाली मान घालून बसलेला, त्याची बायको दारात. आत्याबाई घरातून बाहेर आल्या, दोघांकडं बघितलं आणि त्यांच्यातला काटा उपटणारा पंथ जागा झाला. "इचारत बसला म्हनून इचारतच ऱ्हायला," असं काहीतरी पुटपुटत त्यांनी पदर खोचला, किसनचा उजवा हात मनगटात धरला, एक पाय बाजेच्या लाकडाला लावला आणि म्हणाल्या, "दात खा, मी वढते." किसनच्या तोंडून सवयीनं "जी" निघालं. आत्याबाईंनी हाताला ताण दिला. आणि मग जे झालं ते स्टेशनवर उभ्या असलेल्या पॅसेंजरमधल्या लोकांनी डोकी बाहेर काढून ऐकलं. "नको!" किसन ओरडला. "नको आत्याबाई! नको, नको, नको! सोडा! मला न्हाई पायजे!"

आत्याबाईंनी दचकून हात सोडला. शेजारच्या बायका धावल्या. विहिरीकडून मामा ओल्या धोतरानं, अंगावर पाणी निथळत, धावत आले. मला वाटलं, आता आत्याबाईंची काही धडगत नाही. पण मामांचा चेहरा असा फुललेला, जणू घरात नातू झाला! "म्हनला!" ते ओरडत होते, "अगं म्हनला! नको म्हनला! समद्यांनी ऐकलं का?" त्यांनी किसनला मिठी मारली आणि तो सगळा ओला झाला. मग घरात जाऊन गुळाची ढेप बाहेर आणली आणि आलेल्या प्रत्येकाच्या हातावर गूळ ठेवला, आत्याबाईंच्या हातावर सर्वांत मोठा खडा. आत्याबाईंनी तो तोंडात टाकला आणि त्यानंतर मरेपर्यंत सांगत राहिल्या की किसनचा खांदा मी बरा केला.

बांध फुटला. गेल्या कितीतरी वर्षांची साठलेली 'नको' किसनच्या तोंडून बाहेर पडायला लागली. "तिथं नको मामा, जरा खाली. तेल गार लागायलंय. आज बोटानं नको, तळव्यानं." मामा प्रत्येक 'नको'ला मान डोलवायचे, गाण्याला दाद द्यावी तशी. कधी मामांचं मत पडायचं. एकदा त्यांचं म्हणणं, हात पुढून वर उचलावा, किसनचं म्हणणं, बाजूनं उचलावा. मतं बरोबरीत आली. मामांनी खांद्यावर तळवा ठेवला, हात बाजूनं हळूहळू उचलला, तर खांदा सैल सुटला आणि हात कानापर्यंत गेला. "पडलो!" मामा टाळी वाजवून म्हणाले, "दोन मतं तिकडं, मी एकटा. सपशेल पडलो!" निवडणूक हरून इतका खूश झालेला माणूस मी नंतर कधीही बघितला नाही. किसनची बायको आता हसायला लागली होती, पण तक्रारही तिचीच. "मामा, काय शिकीवलंत ह्यांना? काल वांग्याची भाजी केली तर नको म्हनले!"

पोळा झाला आणि परीक्षेचा दिवस आला. आम्ही सकाळच्या गाडीनं पिंगळीला गेलो, कारण मालगाडी पूर्णेहून सुटून पिंगळीवरूनच परभणीला जायची. आत्याबाईंनी भाकरी बांधून घेतल्या, कुणाला हव्यात का हे अर्थातच विचारलं नाही. स्टेशनवर बघावं तर सारी पिंगळी लोटलेली. शेतं सोडून माणसं आलेली, बैलांच्या शिंगांना अजून पोळ्याचा रंग. किसनची बायको फलाटाच्या अगदी टोकाला उभी. मामा तिच्या शेजारी. मामा आपल्याच हाताचे तळवे चोळत होते, जणू तिकडं इंजनावर तेच फावडं मारत होते. मग लांबून धूर दिसला. इंजन जवळ आलं, मोठं झालं, स्टेशनात शिरताना हळू झालं, आणि दारात काळाकुट्ट झालेला किसन दिसला. त्यानं आम्हाला बघितलं आणि उजवा हात वर केला. छातीवर नाही, कानापर्यंत नाही, थेट आभाळाकडं, सरळ, ताठ. फलाटावर एकच गलका झाला. कुणी पटका उडवला, कुणी शिट्टी मारली, किसनच्या बायकोनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्या सगळ्या गलक्यात मामा इंजनाच्या बरोबरीनं धावायला लागले आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, "दुखायलंय का रं?"

किसननं वाफेच्या आवाजावर आवाज चढवून उत्तर दिलं, "न्हाई!"

आणि मग साऱ्या फलाटावर पोरंसोरं, म्हातारेकोतारे सगळेच ओरडायला लागले, "न्हाई! न्हाई!" मालगाडीचा शेवटचा डबा दिसेनासा झाला तरी ते थांबेनात.

इंजनावर काय घडलं ते यजमानांना नंतर डायवरनं सांगितलं. साहेब मागं उभे, घड्याळ हातात. म्हणाले, भराभर टाक. आणि किसन, जन्माचा 'जी' किसन, फावडं टेकवून म्हणाला, "न्हाई साहेब. माझ्या खांद्याला झेपंल तसं टाकतो. वाफ कमी पडली तर बोला." डायवरला वाटलं, संपलं. पण वाफ काही कमी पडली नाही. परभणीला उतरताना साहेबांनी किसनला विचारलं म्हणे, उद्यापासून कोणत्या गाडीवर येशील? साहेबांनी! विचारलं! ही गोष्ट मामा येणाऱ्या प्रत्येक पाठीला आणि गुडघ्याला सांगायचे.

काही वर्षं गेली. मामांचे हात थरथरायला लागले, मग त्यांनी तेलाची वाटी ठेवून दिली. पाठी आणि गुडघे दुसरीकडं जायला लागले. बाजेवर आता मामाच निजून असायचे. एका दुपारी किसन आला. आता तो यार्डात डबे इकडंतिकडं ओढणाऱ्या शंटिंगच्या इंजनावर डायवर झाला होता. मामांच्या उशाशी बसला आणि म्हणाला, "मामा, आज मी चोळतो." आत्याबाईंनी तेल तापवून आणलं. मामा पालथे व्हायला लागले तर किसननं त्यांना धरून उठवलं. "आधी बसा. पानी प्या. आपली मसलत हू द्या." मामा हसले. किसन समोर उकिडवा बसला आणि विचारलं, "कुटं दुखायलंय?"

मामांनी घोंगडीचा काठ सारखा केला. मग म्हणाले, "तुला वाटंल तिथं चोळ."

"तसं आपल्यात चालत न्हाई. हळू का जोरानं?"

"तुज्या मनाला यील तसं."

किसननं वाटी बाजूला ठेवली. "राकेल लावू?"

आम्ही सगळे हसलो, मामाही हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. साऱ्या मुलखाला विचारत फिरलेल्या ह्या माणसाला, तुझं कुठं दुखतंय, हे कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. किसन थांबला, अगदी मामा थांबायचे तसा. बऱ्याच वेळानं मामा म्हणाले, "मानंखाली. लय दिवस झालं. जोरानं नको." त्यांची मान दुखते हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं मी त्या घरात होते.

आत्याबाई वाटीकडं बघत उभ्या होत्या. त्यांनी वाटी उचलली, तेलात बोट बुडवलं आणि अवघडल्यासारख्या म्हणाल्या, "आनखी कोमट करू का?"

मामांनी मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. "लय दिवसांनी इचारलंस."

"लय दिवसांनी न्हाई. पयल्यांदाच इचारायले. सांगा लवकर, चूल इझायलीय."

"कर," मामा म्हणाले.

आत्याबाई वाटी घेऊन आत गेल्या आणि चुलीपाशी बसून राहिल्या. तेल केव्हाच तापलं होतं, पण त्या पदरानं डोळे पुसत होत्या. बाहेर किसन हात आवरून बसला होता, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या उत्तराची वाट बघणारे मामा आपल्या तेलाची वाट बघत होते.